जर्मुक (आर्मेनिया): धबधबा बघून लगेच परतू नका, मुक्काम करा

निळीशाई (दादर)

मागच्या जूनमध्ये गुडघ्यांनी त्रासलेल्या आईला घेऊन आर्मेनियाला जाऊन आले. एकूण नऊ दिवस, त्यातले चार जर्मुकला. आल्यापासून भेटेल त्याला जर्मुकबद्दल सांगते आहे आणि समोरून बहुतेक वेळा एकच ऐकू येतं, "तो धबधबा ना? येरेवानहून एका दिवसात होतो म्हणतात." होतो. पण तसा करू नका, हे सांगायला हा धागा काढला.

जर्मुक हे दक्षिण आर्मेनियातल्या वायोत्स द्झोर प्रांतातलं, गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. उंची सुमारे २,०८० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे, त्यावरून अंदाज करा. आर्पा नदीनं गावाच्या मधोमध खोल घळ कापली आहे. गाव दोन्ही काठांवर वसलंय आणि मधे उंच पूल. पुलावर उभं राहून खाली बघितलं की पोटात गोळा येतो.

राजधानी येरेवानहून साधारण १७० किलोमीटर, गाडीनं अडीच ते तीन तास. आधी सपाट मैदान, जर्दाळूच्या आणि द्राक्षांच्या बागा, उजव्या हाताला बर्फाचा आरारात. तो पर्वत आज तुर्कस्तानात आहे आणि ती सीमा बंद आहे. आर्मेनियन माणूस रोज त्याच्याकडे बघतो, पण सरळ चालत जाऊ शकत नाही. आमचा गाडीवाला तिथे बोलता बोलता गप्प झाला आणि पुढचा बराच वेळ गप्पच होता. मग घाट लागतो, इराणकडे जाणारे-येणारे मालट्रक दिसायला लागतात, आणि वायक नावाचं गाव मागे पडलं की जर्मुकचा फाटा.

धबधबा गावाच्या खालच्या अंगाला, दरीत आहे. उंची सुमारे ७० मीटर. एका उंच धारेत तो कोसळत नाही, कातळावरून पसरत, केस मोकळे सोडल्यासारखा उतरतो. लोक त्याला जलपरीचे केस म्हणतात. गोष्ट अशी, की एका सरदाराची मुलगी धनगराच्या पोरावर जीव टाकते आणि रोज रात्री कड्यावरून दोर सोडून त्याला भेटते. बापाला कळतं. तो शाप देतो की पुन्हा त्याला भेटलीस तर जलपरी होशील आणि पाण्याबाहेर कधीच येणार नाहीस. ती नदीत अडकते, आणि ते तिचे केस. आईनं गोष्ट ऐकली आणि म्हणाली, "बाप सगळीकडे सारखेच गं."

धबधब्यापाशी आम्ही तासभर होतो. उरलेले चार दिवस आमचं खरं ठिकाण होतं ती पाण्याची गॅलरी.

ही १९५६ सालची सोव्हिएत काळातली इमारत. लांब, कमानींची, समोर छोटं तळं. आत भिंतीच्या कोनाड्यांत ओळीनं दगडी कुंभ ठेवलेत आणि प्रत्येकात नळातून गरम पाणी अखंड वाहतंय. प्रत्येक नळावर तापमान लिहिलेलं, ३० अंशांपासून ५३ अंशांपर्यंत. तिकीट नाही. सकाळी माणसं घरून पेला घेऊन येतात, आपापल्या नळावर भरतात आणि घोट घोट घेत फेऱ्या मारतात. चव खारट आणि थोडी लोखंडाची.

पहिल्या सकाळी आई थेट ५३ च्या नळाशी गेली. मागून एक आर्मेनियन आजी आल्या, आईच्या हातातला पेला हलकेच काढून घेतला, ओतून दिला आणि तिला ३५ च्या नळाकडे घेऊन गेल्या. मग हातानं दाखवलं: एवढंच, हळू, आणि चालत चालत. आईला आर्मेनियन येत नाही, त्यांना मराठी येत नाही. तरी दोघी बरोबर वीस मिनिटं फिरल्या. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी आम्हाला उशीर झाला, तर त्या पेला धरून दारात थांबलेल्या. निघायच्या दिवशी त्यांनी आईला सुकवलेल्या जर्दाळूंची पुरचुंडी दिली आणि आईनं पर्समधली शेवटची आवळा सुपारीची डबी त्यांच्या हातात ठेवली.

दुपारी बसनं परत फिरणाऱ्याला हे मिळणं शक्य नाही. म्हणून म्हणते, निदान तीन रात्री राहा. प्रश्न विचारा, जमेल तेवढं सांगते.

घाटवाट

ताई, वाचताना आपणही त्या फेऱ्या मारतोय असं वाटलं. २,०८० मीटरवर अख्खं गाव म्हणजे जूनमध्येही थंडी असणार? आणि आसपास चालण्यासारख्या वाटा आहेत का?

निळीशाई

हो, जूनमध्ये दुपारी ऊन छान, पण सूर्य गेला की स्वेटर लागतोच. आईनं रात्री शालही घेतली. वाटांबद्दल मी फार सांगू शकणार नाही, आईबरोबर असल्यामुळे दरीतला रस्ता आणि गावातली बाग एवढंच चालले. गावात झाडी खूप आहे, बाकं जागोजागी आहेत.

मुलुंड_पश्चिम

माझ्या आईचेही गुडघे गेलेत, वय ६९, शिवाय रक्तदाब आहे. तिथे फक्त पाणी प्यायचं असतं की आंघोळीचे उपचारही होतात? आपल्याकडे वज्रेश्वरीला नेतो तिला अधूनमधून. अकलोलीच्या कुंडात पाय सोडून बसली की खूश असते.

निळीशाई

उपचार होतात. जर्मुकमध्ये सॅनेटोरियम नावाची व्यवस्था आहे, सोव्हिएत काळापासूनची. खोली, तीन वेळचं जेवण, डॉक्टर आणि उपचार हे सगळं एकाच पैशांत. आधी डॉक्टर तपासतात आणि कागदावर लिहून देतात: किती अंशांच्या टबात किती मिनिटं, कुठल्या नळाचं पाणी, जेवणाआधी किती वेळ. टबात मिनिटं मोजायला बाई बसलेली असते आणि वेळ झाली की उठवतेच.

रक्तदाबाचं आवर्जून सांगा. आईचाही वरचा आकडा जास्त निघाला, तर डॉक्टरांनी टबातली मिनिटं कमी केली आणि एक दिवस आंघोळ पूर्ण बंद ठेवली. इकडच्या आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेऊ नका, ताजे रिपोर्ट आणि गोळ्यांची इंग्रजी नावं बरोबर ठेवा. तिथे रशियन जास्त चालतं.

गुडघे बरे झाले असं मी म्हणणार नाही. त्या चार दिवसांत आईला झोप चांगली लागली आणि जिना उतरताना ती कठडा कमी धरत होती, एवढं मी पाहिलं. पाण्यामुळे, हवेमुळे की स्वयंपाक करावा लागला नाही म्हणून, ते मला सांगता येणार नाही.

वज्रेश्वरीचं म्हणालात ते मनात आलंच होतं. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेच्या वेळी नवस केला आणि १७३९ च्या विजयानंतर देऊळ बांधलं, म्हणजे तिथेही गरम पाण्याशेजारी इतिहास आहेच. तानसेच्या काठच्या त्या कुंडांची अशी निगा राखली गेली असती तर, हा विचार मी गॅलरीत रोज करत होते.

पार्ले_पूर्व

थोडं वेगळं मत मांडतो. आम्ही दोन वर्षांपूर्वी एका सहल कंपनीबरोबर गेलो होतो, नाव घेत नाही. सकाळी सातला येरेवानहून निघालो, वाटेत दोन ठिकाणी थांबलो, जर्मुकला पोचायला दोन वाजले. धबधब्यापाशी चाळीस मिनिटं आणि जेवण. मला गाव उदास वाटलं. मोठमोठ्या जुन्या इमारती, त्यातल्या काही बंद पडलेल्या, काचा फुटलेल्या. धबधबाही, खरं सांगायचं तर, श्रावणात माळशेजला उभं राहणाऱ्या माणसाला फार मोठा वाटत नाही. गॅलरीत आम्हाला नेलंच नाही.

निळीशाई

दादा, बंद इमारतींचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. सोव्हिएत संघातून लाखो लोक सरकारी खर्चानं विश्रांतीला यायचे त्या काळी बांधलेलं गाव आहे हे. संघ मोडला, माणसं यायची थांबली, काही सॅनेटोरियमं पुन्हा उभी राहिली, काही राहिली नाहीत. त्या भिंतींकडे बघून मलाही पहिल्या दिवशी उदास वाटलं.

पण गॅलरीत न नेता जर्मुक दाखवलं म्हणजे पंढरपूरला नेऊन फक्त चंद्रभागेचा घाट दाखवून परत आणलं. फार वाईट वाटलं वाचून.

कातळवेडा

जर्मुकला राहण्याचं आणखी एक कारण मी देतो: गंदेवांक. जर्मुकच्या खाली, आर्पाच्याच दरीत, गंदेवाझ गावाजवळ हा मठ आहे. इ.स. ९३६ साली स्यूनिकच्या सोफिया नावाच्या राजकन्येनं बांधायला सुरुवात केली. तिच्या नावानं सांगतात ते असं, की वायोत्स द्झोर ही खडा नसलेली अंगठी होती, मी हा मठ बांधून तिच्यात खडा बसवला. दरीत उतरलं की या वाक्याचा अर्थ कळतो. दोन्ही बाजूंना बेसॉल्टचे उभे खांब, आपल्या सह्याद्रीच्या कातळाचाच भाऊबंद, आणि मधे करड्या दगडाचं छोटं चर्च.

दरीतला जुना रस्ता दरडींमुळे भरवशाचा नाही. मी गंदेवाझकडून पायी उतरलो. उतार तीव्र आहे, परतीची चढण दमवते, सावली कमी. पाणी भरपूर घ्या. मी दीड तास तिथे होतो, दुसरं कुणीही आलं नाही. चर्चच्या आजूबाजूला जमिनीत जुने थडग्यांचे दगड आहेत, एकावर शिकारीचं दृश्य कोरलंय. माझा अर्धा तास त्या एका दगडापाशी गेला.

नोरावांक तर सगळे करतातच, येरेवान-जर्मुक रस्त्यावरून थोडं आत वळून. लाल कड्यांच्या मधे लाल दगडाचा मठ. दुमजली आस्त्वत्सात्सिन चर्च १३३९ सालचं, मोमिक या शिल्पकाराचं शेवटचं काम मानतात. वरच्या मजल्यावर जायला दर्शनी भिंतीतूनच बाहेर काढलेल्या, अरुंद होत जाणाऱ्या पायऱ्या आहेत, कठडा नाही. चढताना ठीक, उतरताना तोंड भिंतीकडे करून उतरा. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा, तेव्हा कडे पेटल्यासारखे दिसतात.

इथे एक धागा जुळतो. जर्मुकचा जुना लेखी उल्लेख तेराव्या शतकातल्या स्तेपानोस ओर्बेलियान या बिशपच्या स्यूनिकच्या इतिहासात येतो. तो इतिहासकार पुरलाय कुठे, तर नोरावांकलाच. मी आधी जर्मुकचं पाणी पिऊन मग त्याच्या मठात गेलो, तर ओळखीच्या माणसाकडे गेल्यासारखं वाटलं.

घाटवाट

कातळवेडा, गंदेवांक लिहून घेतलं. आरेनीची गुहा केलीत का? तिथे जगातला सर्वात जुना चामड्याचा जोडा सापडला ना?

कातळवेडा

केली. २००८ साली सापडला, सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा, एकाच चामड्याच्या तुकड्यातून शिवलेला, आत गवत भरलेलं. जोडा मात्र येरेवानच्या इतिहास संग्रहालयात बघायला मिळतो. गुहेत मातीत पुरलेले रांजण आणि द्राक्षं तुडवायची जागा दिसते, तीही सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीची. गुहा नोरावांकच्या फाट्यावरच आहे, पाऊण तासात होते.

वेळ असेल तर ओर्बेलियानांची सराई सोडू नका. १३३२ सालची, सेवान सरोवराकडे जाणाऱ्या २,४१० मीटरच्या खिंडीत. काळ्या बेसॉल्टची, आत अंधार, मधे उंटाघोड्यांची जागा, छतातल्या भोकांतून उजेडाचे झोत पडतात. दारावर एक लेख फारसीत आणि एक आर्मेनियनमध्ये. घाटात आपल्याकडे नाणेघाटाच्या लेण्यात बसलं की जे मनात येतं, की इथून व्यापारी गेले, इथे थांबले, इथे थंडीनं कुडकुडले, तेच तिथे येतं. हिवाळ्यात खिंड बर्फानं बंद होते.

लिपीवेडी

मी आर्मेनियाला गेलेले नाही, पण नावावरून राहवलं नाही म्हणून लिहिते. जर्मुक हे नाव "जेर्म" या आर्मेनियन शब्दावरून आलंय, अर्थ उष्ण, कोमट. हा शब्द आपल्या घरचाच आहे. संस्कृतात "घर्म", फारसीत "गर्म" आणि त्यावरून आपल्या तोंडी बसलेलं "गरम", ग्रीकमध्ये "थेर्मोस", सगळे एकाच मूळ शब्दाचे वंशज. आर्मेनियन ही इंडो-युरोपीय कुळातली स्वतंत्र शाखा आहे, म्हणून असे धागे सापडत राहतात. त्यांचं "दुर" म्हणजे आपलं दार. त्यांची "दुस्त्र" म्हणजे मुलगी, आपली दुहिता.

म्हणजे त्या आजींनी तुमच्या आईला ५३ च्या नळापासून मागे ओढताना "जेर्म" म्हटलं असेल, तर आईंनी ते "गरम" म्हणूनच ऐकलं असेल.

निळीशाई

लिपीवेडी ताई, अंगावर काटा आला. आईला आत्ताच फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणूनच मला समजत होतं."

फोर्ट_रोजचा

आर्मेनिया लांबचा वाटणाऱ्यांसाठी. फोर्टात मेडोज स्ट्रीटवर, आजचा नगीनदास मास्टर रोड, आर्मेनियन चर्च आहे. सेंट पीटर, १७९६ सालचं. शेजारच्या इमारतीचं नावच आरारात. तेवीस वर्षं मी त्या रस्त्यानं कचेरीत जातो आणि आरारात हे कुण्या मालकाचं आडनाव असेल असं समजत होतो. हा धागा वाचला आणि परवा जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम तिथे गेलो.

सुरतेत आणि मग मुंबईत आर्मेनियन व्यापाऱ्यांची वस्ती होती, कापड आणि जवाहिराचा व्यवहार करायचे. आज मुंबईत तो समाज जवळजवळ उरलेला नाही. आपल्या डोंगराचं नाव त्यांनी एवढ्या लांब आणून ठेवलं, आणि पर्वत मात्र ताईंनी लिहिलंय तसा त्यांनाही लांबूनच दिसतो.

साबुदाणा_खिचडी

माझा प्रश्न अगदी साधा आणि माझ्यासाठी सगळ्यात मोठा. आम्ही दोघं शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. त्या डोंगरात खाणार काय? ठेपले किती दिवस पुरतील?

कल्याण_ते_येरेवान

मी येरेवानला सहा वर्षं वैद्यकीय शिकले, त्यामुळे याचं उत्तर मी देते. उपाशी राहणार नाही, एक शब्द मात्र पाठ करा: "पसुत्स". त्यांच्या उपवासात मांस, दूध, अंडं काहीच चालत नाही, त्या जेवणाला पसुत्स म्हणतात. हॉटेलात हा शब्द म्हटला की समोरच्याला लगेच कळतं. "शाकाहारी" म्हणालात तर कोंबडी चालेल का असं विचारतात. पसुत्स तोल्मा म्हणजे डाळी-कडधान्यं भरून कोबीच्या पानात गुंडाळलेल्या वळकट्या. आपल्याला आवडतील अशाच.

लवाश म्हणजे तंदुरात भाजलेली कागदासारखी पातळ रोटी, आर्मेनियन लवाश युनेस्कोच्या वारसा यादीत २०१४ साली आली. त्यात चीज, कोथिंबीर, तुळशीसारखा रेहान आणि टोमॅटो गुंडाळून खाल्लं की जेवण झालं. लोबी म्हणजे राजमा किंवा घेवडा. वांगी-टोमॅटो-मिरचीची अजापसंदल नावाची भाजी मिळते, भरताची चुलत बहीण म्हणा. मात्सुन म्हणजे दही, तान म्हणजे ताक, मीठ घातलेलं. मी पहिल्या आठवड्यात तान प्यायले आणि वसतिगृहात बसून रडले, इतकी घरची आठवण आली.

स्पास जपून. दह्यात गहू शिजवलेलं गरम सूप, चवीला थेट कढी, पण त्यात बहुतेक वेळा अंडं फेटून घालतात. विचारूनच घ्या.

येरेवानमध्ये भारतीय विद्यार्थी इतके आहेत की डाळ, हिंग, हिरवी मिरची सगळं मिळतं. जर्मुकला मिळणार नाही. सॅनेटोरियमला आधीच कळवलं की भाजी, भात, गव्हाची खिचडी आणि चीज देतात. मेतकूट आणि लोणचं न्याच.

रस्त्यावर दगडी नळ दिसतील, पाणी वर उसळतं, वाकून प्यायचं. त्याला पुलपुलाक म्हणतात. बरेचसे कुणाच्या तरी आठवणीत बांधलेले असतात, आपल्या मुंबईतल्या जुन्या प्याऊंसारखे. पाणी थंडगार आणि स्वच्छ, मी सहा वर्षं तेच प्यायले.

साबुदाणा_खिचडी

ताई, खूप खूप आभार. पसुत्स, पसुत्स, पसुत्स. पाठ झालं.

मुलुंड_पश्चिम

एक विचारायचं राहिलं. तिकडे युद्ध होतं ना? आईला न्यायचं म्हणजे घरचे आधी हेच विचारणार.

कल्याण_ते_येरेवान

लपवत नाही. १२ सप्टेंबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर शेजारच्या अझरबैजानच्या सैन्याकडून तोफमारा झाला, त्याची झळ जर्मुकच्या परिसराला बसली. पाहुण्यांना बाहेर काढावं लागलं. मी तेव्हा येरेवानमध्ये होते, वसतिगृहात रात्रभर कुणी झोपलं नाही. त्यानंतरचा काळ जर्मुकच्या लोकांनी फार कठीण काढला, कारण गावाचं पोट पाहुण्यांवर आहे. ८ ऑगस्ट २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये दोन्ही देशांनी शांतता कराराच्या मसुद्यावर आद्याक्षऱ्या केल्या.

गाव, गॅलरी, धबधबा, नोरावांक इथे लोक मोकळेपणानं फिरतात. जर्मुकच्या पूर्वेकडचे डोंगर सीमेकडे जातात, तिकडे स्वतःच्या मनानं चढाईला जाऊ नका. घाटवाट दादा, हे खास तुमच्यासाठी. निघण्याआधीच्या आठवड्यात परराष्ट्र मंत्रालयाची सूचना बघा आणि मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून विचारा.

घाटवाट

लक्षात ठेवतो ताई. गंदेवांकच्या पलीकडे जाणार नाही.

पाणीवाला_निवृत्त

माझं आयुष्य पाण्याच्या कामात गेलं, म्हणून एक वेगळी जागा सुचवतो. जर्मुकच्या जरा खाली केचुत नावाचा जलाशय आहे. तिथून आर्पाचं पाणी सुमारे ४८ किलोमीटरच्या बोगद्यातून डोंगराखालून सेवान सरोवरात सोडतात. बोगदा १९८१ साली सुरू झाला. कारण असं, की सोव्हिएत काळात वीज आणि शेतीसाठी सेवानचं पाणी इतकं उपसलं की पातळी जवळजवळ वीस मीटर खाली गेली. सेवानचं बेट तेव्हाच द्वीपकल्प झालं, आज मठापर्यंत चालत जाता येतं ते त्यामुळे. ते फोटो काढणाऱ्या पाहुण्यांना कुणी सांगत नाही.

एक सरोवर वाचवायला दुसऱ्या खोऱ्यातली नदी वळवली. मी तानसा-वैतरणाच्या पाण्यावर वाढलो आणि त्याच पाण्यावर नोकरी केली, त्यामुळे शहरानं दुसऱ्याच्या खोऱ्यातलं पाणी आणणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. केचुतच्या काठावर मी एकटाच बराच वेळ उभा होतो.

दुसरं. जर्मुकजवळच्या आमुलसार डोंगरात सोन्याच्या खाणीचा प्रकल्प आहे आणि गावकऱ्यांनी २०१८ पासून रस्ता अडवून विरोध केला. त्यांची भीती एकच, झरे बिघडले तर गाव राहणार नाही. कंपनीचं म्हणणं वेगळं आहे. मला विचाराल तर जमिनीखालून पाणी कुठून कुठे जातं याबद्दल कुणीही छातीठोक हमी देऊ नये, आणि ज्या गावाचं सगळं त्या पाण्यावर आहे त्याचं आधी ऐकावं.

पार्ले_पूर्व

काका, हे सगळं आम्हाला बसमध्ये कुणी सांगितलं असतं तर मी ते गाव वेगळ्या नजरेनं बघितलं असतं. आधी लिहिलेलं उदास गाव हे मत मागे घेतो. माझं बघणंच अपुरं पडलं. बायको म्हणते आहे पुन्हा जाऊ, या वेळी स्वतःचे स्वतः.

निळीशाई

दादा, जरूर जा. व्यवहाराचं सगळ्यांसाठी एकदम लिहिते. व्हिसा ऑनलाइन मिळतो, २१ दिवसांचा आणि १२० दिवसांचा असे दोन प्रकार. नियम बदलतात, अर्ज सरकारी संकेतस्थळावरूनच करा. आम्ही मुंबईहून शारजाला विमान बदलून गेलो. घड्याळ दीड तास मागे. चलन द्राम, जर्मुकला रोख ठेवा. मार्शरुत्का म्हणजे छोट्या सामायिक गाड्या स्वस्त पडतात, पण वयस्कर माणूस बरोबर असेल तर गाडी ठरवा म्हणजे खोर विरापचा मठ आणि नोरावांक वाटेत थांबून करता येतं. मेच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत उत्तम. बर्फ वितळत असताना धबधबा सर्वात भरलेला, त्यामुळे धबधब्यासाठी मे-जून, चालण्यासाठी सप्टेंबर.

आई घेऊन जाणाऱ्यांनी धबधब्याकडे पायऱ्यांनी उतरू नये, गाडीचा रस्ता खालपर्यंत जातो.

मुलुंड_पश्चिम

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्याची तिकिटं काढली! आई, मी आणि मावशी. पाच रात्री जर्मुक, दोन येरेवान. आईनं सामानाची यादी आत्ताच सुरू केली आहे. तिचा एक प्रश्न आहे, हसू नका: पेला इथून न्यायचा की तिथे मिळतो?

निळीशाई

हसत नाही, आम्हीही हेच बोललो होतो. तिथे लांब चोचीचे चिनी मातीचे कप विकत मिळतात, चोचीतून घोट घोट ओढायचा. आईंना एक आठवण म्हणून घ्या. पण रोजच्यासाठी घरचा स्टीलचा न्या, कडेला रुमाल गुंडाळायला विसरू नका, ४५ च्या पुढे हात भाजतो. आणि गॅलरीत सकाळी आठच्या आधी पोचा. निळा स्कार्फ बांधलेल्या, काठी नसलेल्या, भराभर चालणाऱ्या आजी दिसल्या तर त्यांना माझ्या आईचा नमस्कार सांगा. दादरची, आवळा सुपारीवाली, एवढी खूण पुरेल. आईनं त्यांच्यासाठी अजून दोन डब्या आणून ठेवल्या आहेत, तुमच्याबरोबर पाठवू का?

मुलुंड_पश्चिम

पाठवा ताई. रविवारी दादरला येतो घ्यायला.